दुपारची धडक, सकाळचा पोचा

सई आणि ईशान,

हे खरं तर तुम्हा दोघांसाठीच लिहायला घेतलं होतं. पण सईने फोनवर अर्धं ऐकलं आणि म्हणाली, "आजी, हे फोरमवर टाक. तिथे लोक असलंच वाचायला येतात." म्हणून इथे टाकते आहे. बाकीच्या वाचकांनी शेजारच्या खोलीतलं बोलणं कानावर पडावं तसं हे ऐकावं... आणि कुणाला काही सुचलं तर जरूर सांगावं, कारण मला सुचत नाही.

माझी जात संशयी माणसाची आहे. बत्तीस वर्षं मुंबईत औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला काढली. तिथे शिकवण एकच — जे दिसलं ते आधी लिहा, वेळेसकट. का दिसलं, ते मागाहून. गावात कुणी सांगितलं की अमक्या वळणावर पांढरं काही तरी उभं असतं, तर मी विचारते, "किती वाजता? आणि चष्मा होता का डोळ्यांवर?" त्यामुळे मला असल्या गोष्टी सांगायला हल्ली कुणी येत नाही.

तुमचे आजोबा गेल्यावर मी इथे गावी राहायला आले, हे तुम्हाला माहीत आहे. ईशान तर इथे आलेलाच नाही, म्हणून जागा नीट सांगते. महाड आणि पोलादपूर यांच्या मधे, हायवेच्या पश्चिमेला दीड किलोमीटर आत आपलं गाव. गावचा डांबरी रस्ता सरळ येऊन हायवेला मिळतो. हायवे आता चौपदरी झाला आहे, मधे दुभाजक. महाडला जायचं तर आपण नुसतं डावीकडे वळायचं. त्या बाजूच्या दोन्ही लेन महाडकडे जाणाऱ्या, म्हणजे गाड्या येणार त्या फक्त उजवीकडून, पोलादपूरच्या अंगाने. सोपं.

महाडहून परत येताना मात्र पंचाईत आहे. पूर्वी आपल्या फाट्यासमोर दुभाजकाला कट होता, तो बंद केला. आता पुढे अंडरपासपर्यंत जायचं, खालून वळायचं आणि मागे यायचं. तीन-साडेतीन किलोमीटरचा फेरा. तो घेणारी गावात मी एकटी, असं लोक हसून म्हणतात. बाकी सगळे अलीकडच्या कटमधून घुसतात आणि कडेकडेने, दिवे लावून, उलट्या दिशेने फाट्यापर्यंत येतात.

विमल म्हणजे माझी धाकटी जाऊ, तुमची छोटी आजी. आमची घरं एकाच अंगणात. ती गाडी चालवत नाही, पण मी कुठेही निघाले की पुढच्या सीटवर डावीकडे बसलेली असतेच. मागे बसलं की तिला गाडी लागते. हायवेला लागून दोन मिनिटं झाली की काचेला डोकं टेकून झोपते, ती थेट मुक्कामाला उठते.

ही गोष्ट गेल्या वर्षीची, गणपतीच्या आधीच्या आठवड्यातली. वार गुरुवार.

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी पोलादपूरहून आलो. विमल अंगणात डाव्या दरवाज्यातून उतरली आणि दरवाजा दाणकन लावला. मी म्हटलं, "अगं, ट्रकचा फाळका आहे का तो?" ती म्हणाली, "लागला ना? मंग झालं." म्हणजे संध्याकाळी सव्वासहाला दरवाजा ठणठणीत होता. मग मी गाडी शेडमध्ये घेतली. शेडच्या डाव्या बाजूला जांभ्याची भिंत आहे आणि मी गाडी त्या भिंतीला अगदी लागून लावते, म्हणजे उजवीकडून मला उतरता येतं. भिंत आणि डावा दरवाजा यांच्यामध्ये माझा पंजा जेमतेम मावतो. शेडला फाटक आहे, फाटकाला कुलूप, किल्ली माझ्या उशाशी.

दर गुरुवारी सकाळी मी गाडी अंगणात काढून तिच्याभोवती फेरी मारते. टायर, दिवे, ऑइल, पाणी, वायपर... जे पाहिलं ते गाडीच्या वहीत लिहिते. त्या दिवशी साडेआठला गाडी मागे घेतली, उतरले, डावीकडे आले आणि थांबले.

पुढच्या डाव्या दरवाज्याला मोठा पोचा. वर एक आणि खाली एक, असे दोन आडवे खोल पट्टे, कुणी दोन लोखंडी पाइप रेटून दाबावेत तसे. खालच्या पट्ट्यापासून एक ओरखडा निघून तिरका हँडलपर्यंत गेलेला. आणि दोन्ही पट्ट्यांत पोपटी रंग. बोट लावलं तर बोटाला आला! ओला होता. वास घेतला — ऑइलपेंट, थिनर. तो वास मी ओळखण्यात चुकणार नाही.

दरवाजा बाहेरून उघडेना. उजवीकडून आत शिरून प्रयत्न केला, तरी उघडेना. पण काच शाबूत होती आणि आतलं पॅनल जिथल्या तिथे, सरळ.

मी फोटो काढला आणि महाडला गॅरेजवाल्या मुश्ताकभाईंना पाठवला. आठ वाजून एक्केचाळीस मिनिटं. खाली लिहिलं, "दरवाजा उघडत नाही. आज दुपारी आणते." त्यांचं उत्तर, "आणा मॅडम. कोणी ठोकली?"

तेच मलाही हवं होतं. भिंतीवर पाहिलं तर रंग नाही, खरचटलेलं नाही. शेवाळसुद्धा जागेवर.

गणपती आले की कोकणात घरं रंगवतात. रंग उरला की तो हाताला येईल त्याला मारतात — बाकडं, तुळशीकट्टा, विहिरीचा रहाट. त्या वर्षी आमच्या वाडीत पोपटी ऑइलपेंट एकाच घरात होता, पलीकडच्या अनंताकडे. अनंता चाळिशीचा गृहस्थ, पिकअप चालवतो. मी तडक गेले. तो फाटकाला रंग मारत बसला होता.

"अनंता, रात्री माझ्या गाडीला धडक दिलीस का?"

तो ब्रश धरून माझ्याकडे बघतच राहिला. "काकी, तुमची गाडी शेडात, भितीला चिकटून. मी काय भितीतनं आलो?"

"मग हा रंग?" मी बोट पुढे केलं.

"रंग माझाच दिसतोय," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण मी नाय."

त्याचा पिकअप शेजारीच उभा होता. पुढे लोखंडी गार्ड, दोन आडव्या पाइपांचा. मी वाकून, हात लावून पाहिला. काळा, गंजलेला, कोरडा. पोपटी रंगाचा थेंब नाही. मी थोडी ओशाळले आणि परत आले. वहीत सगळं लिहिलं आणि कारणाची ओळ कोरी ठेवली.

दुपारी विमलच्या कवळीचं माप द्यायला महाडला दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. तीनची वेळ. तिथूनच पुढे गॅरेज. दोन वाजता निघालो तेव्हा अंगणात तमाशा झाला.

"मी मागं नाय बसनार, ताई. ओकारी होते मला."

"दरवाजा उघडत नाही, विमल. उडी मारून जाणार आहेस का आत?"

"तुमच्या बाजूनं जाते पलीकडं."

"गिअरवरून? या वयात? अडकलीस तर मुश्ताकभाईंना तुलाच कापून काढावं लागेल."

ती हसली, पण फुगली. लिंबू घेतलं हुंगायला आणि माझ्या मागे, उजव्या बाजूला बसली. डावीकडे मागे बस म्हटलं तर म्हणाली, "त्या मोडक्या अंगाला नाय." पट्टा लावला. मागे बसलं तरी पट्टा लावायचा, हा माझ्या गाडीतला नियम आहे.

फाट्यावर दोन वाजून दहा मिनिटांनी पोचलो. डाव्या हाताला काकड्या-चिबुडांची झोपडी आहे, निळी ताडपत्री लावलेली. तिच्या आडून महाडकडचा रस्ता दिसत नाही. पण मला तो बघायचाच नव्हता ना! गाड्या येणार उजवीकडून. मी थांबले, उजवीकडे मान करून बसले. गाड्यांची रांग संपेना. शेवटी एका टँकरवाल्याने वेग कमी केला, दिवे दोनदा मारले आणि हात हलवला... जा, काकी.

आपल्याला कुणी वाट दिली की आपण किती घाई करतो बघा. त्याला ताटकळत ठेवू नये, म्हणून मी त्याच्याकडे बघत, मान डोलावत पुढे निघाले.

धाड.

डावीकडून. आवाज आधी ऐकला की गाडी सरकली ते आधी कळलं, हे मला आजही सांगता येत नाही. गाडी हातभर उजवीकडे फेकली गेली. डावी काच फुटली आणि सगळे तुकडे पुढच्या रिकाम्या सीटवर पडले. दरवाज्याचं आतलं पॅनल सीटवर चार बोटं चढून आलं होतं, जिथे विमलचा खांदा असतो तिथे.

मागे पाहिलं. विमल लिंबू घट्ट धरून बसली होती. "ताई, तुमी हायत ना?"

"आहे. तू?"

"मी हाय."

डावीकडे, दरवाज्याला भिडून अनंताचा पिकअप. उलट्या बाजूने, कडेकडेने, दिवे लावून आलेला. त्याने ब्रेक दाबला होता, म्हणून आम्ही आहोत. तो धावत आला, चेहरा पांढराफटक, नुसता "काकी... काकी..." करत.

माझी नजर गार्डवर गेली. गार्ड पोपटी होता. ताजा, चकचकीत, अजून चिकट.

"हा रंग कधी मारलास?"

"आँ?" त्याला वाटलं माझ्या डोक्याला मार बसला. "सकाळी. तुमी गेल्यावर. तुमी गार्ड निरखत व्हता ना, मंग मला वाटलं लयच गंजलाय. रंग उरलेलाच..."

म्हणजे मी त्याच्या गार्डवर रंग शोधायला गेले, आणि म्हणून त्याने रंग मारला.

त्या दिवशी दातांचे डॉक्टर राहिले. अनंताने सीटवरच्या काचा झाडल्या, आणि विमलला घरी पाठवून मी हळूहळू गाडी मुश्ताकभाईंकडे नेली. ते दरवाज्यासमोर उकिडवे बसले. मग खिशातून फोन काढला, सकाळचा माझा फोटो उघडला आणि दरवाज्याशेजारी धरला.

"मॅडम, सकाळी ठोकली होती. मग दुपारी परत ठोकली?"

"हो."

"तर दुसरा मार कुठे आहे?"

मी वाकले. दोन आडवे पट्टे. खालच्यापासून निघालेला तिरका ओरखडा, हँडलपर्यंत. पट्ट्यांत पोपटी रंग. त्यांनी टेप लावून मोजलं, मी फोटो मोठा करून पाहिला. सकाळी पत्रा जिथे होता तिथेच होता. केसभर हलला नव्हता. दुपारी फक्त काच फुटली आणि आतलं पॅनल आत आलं.

"दोनदा मार बसला की पत्र्याला दोन घड्या पडतात," मुश्ताकभाई म्हणाले. "ह्याला एकच आहे. तीस वर्षं हेच करतोय मी. तुम्ही हा फोटो दुपारचाच काढून सकाळी पाठवलात का?" आणि स्वतःच हसले. मग हसायचे थांबले.

आता तुम्हाला जे सुचेल ते मला सुचून झालं आहे. फोनचं घड्याळ चुकलं? फोटो त्यांच्या फोनवरही आठ एक्केचाळीसचाच आहे. रात्री कुणी गाडी नेऊन ठोकून परत आणून ठेवली? किल्ली उशाशी होती, आणि वहीत लिहिलेले किलोमीटर जुळत होते. तुमचे बाबा म्हणतात, "आई, तुझा क्रम चुकला असेल." चुकला असेल. पण मग मुश्ताकभाईंचाही चुकला, अनंताचाही चुकला, आणि विमल मागे बसली हे कशामुळे? दरवाजा उघडत नव्हता म्हणूनच ना?

विमलचं उत्तर सरळ होतं. "देवीनं राखलं." गावानेही तेच मानलं. अनंताला मात्र गावाने धारेवर धरलं. उलटा येतो, माणसं मारशील... जे स्वतः रोज उलटे येतात, तेच जास्त ओरडत होते. मीही सगळ्यांना सांगत होते, तो उलटा आला. ते खरंच होतं. पण पूर्ण खरं नव्हतं, आणि ते मला आत टोचत होतं. मी डावीकडे पाहिलंच नव्हतं. पंचेचाळीस वर्षं गाडी चालवते आणि त्या दुपारी एकदाही तिकडे मान वळवली नाही. विमल पुढे असती तर माझ्या हातून गेली असती.

गणपती गेल्यावर एका दुपारी ती ओटीवर वाल सोलत बसली होती. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. "विमल, चूक एकट्या अनंताची नाही. मी डावीकडे बघितलं नव्हतं."

ती वालावरून नजर न उचलता म्हणाली, "मला ठाऊक हाय."

"कसं?"

"मी बघत व्हते ना मागनं. तुमची मान टँकरकडं. आन् ताडपत्रीच्या फटीतनं अनंताचे दिवे दिसले मला."

"तुला दिसले? मग बोलली का नाहीस?"

"तुमीच सांगितलंय नव्हं, वळताना मधी बोलायचं नाय. लक्ष जातं म्हून."

सांगितलं होतं. मीच. दोन-तीनदा, जरा तोडूनच.

"पण पुढे बसतेस तेव्हा तरी कुठे गप्प असतेस?"

"पुढं बसल्यावर माझ्याच अंगावर येतंय ना सगळं! तवा मी वरडले असते की, नियम गेला चुलीत. मागं बसलेल्या मान्सानं काय बोलायचं? म्हटलं, ताई शिकलेल्या हायत, त्यांनी बघितलं असंल."

"पुढे बसली असतीस तर झोपली असतीस."

"फाट्यापतूर कवा झोपते मी?" ती आता रागावली. "हायवे लागल्याबिगर डोळा मिटलाय का माझा कधी? सांगा."

कधीच नाही. तिचं बरोबर होतं.

त्या रात्री मी वही उघडली आणि त्या गुरुवारचं पान पुन्हा वाचलं. दरवाज्याला पोचा होता म्हणून विमल मागे बसली आणि वाचली, असं मी दोन आठवडे धरून चालले होते. पण पोचा नसता तर ती पुढे बसली असती, अनंताचे दिवे तिला दिसले असते, ती ओरडली असती, मी ब्रेक दाबला असता... आणि धडक झालीच नसती. मग पोचा आला कशाचा?

हे मी आडवं-उभं मांडून पाहिलं आहे. दर वेळी जिथून निघाले तिथेच येते. पोच्याने तिला राखलं की पोच्यानेच धडक घडवली, हे मला सांगता येत नाही. आणि ती ओरडली असती हे तिलाही आता वाटतंय, त्या क्षणी काय झालं असतं कुणास ठाऊक.

सई, तुझं लायसन नवीन आहे, म्हणून तुझ्यापुरतं सांगते. तुमच्याकडे तिकडे परदेशात उजवीकडून चालवतात, तेव्हा डावं-उजवं उलटं करून घे. रस्ता एकमार्गी असला तरी माणसं नसतात. जिकडून कुणी यायचं नाही, तिकडेही मान वळवायची. आडोसा असेल तर आडोशापर्यंत पुढे सरकायचं, परत थांबायचं, वाकून बघायचं. कुणी हात दाखवून वाट दिली तर त्याने फक्त स्वतःची लेन दिली आहे, बाकीचा रस्ता त्याच्या हातात नाही. सिग्नल हिरवा झाला तरी दोन आकडे मोजायचे, कुणीतरी लाल तोडून आडवा येत असतो. आणि गाडीत बसलेल्या कुणालाही, पुढे असो की मागे, गप्प बसवायचं नाही. पुढून किंवा मागून धडक बसली तर मधे इंजिन असतं, डिकी असते. बाजूने बसली तर माणसाच्या आणि धडकेच्या मधे एक दरवाजा असतो. तो किती पातळ आहे ते मी पाहिलं आहे.

मुश्ताकभाईंनी नवा दरवाजा बसवला. अनंता आता अंडरपासवरून वळून येतो. पहिल्या दिवशी येऊन मला सांगूनही गेला. विमल पुन्हा पुढे बसते. परवा फाट्यावर थांबलो तेव्हा मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, परत डावीकडे पाहिलं आणि तिला विचारलं, "काय दिसतंय?"

"मला कशाला विचारता? तुमाला डोळे नायत?"

"आहेत. तरी सांग."

तिने काच खाली केली, अर्धी बाहेर वाकली, आणि मागे दोन गाड्या हॉर्न मारत असताना पुरता वेळ घेऊन बघत बसली. मग म्हणाली, "चला." मी निघाले.

वहीत त्या गुरुवारच्या पानावर कारणाची ओळ अजून कोरी आहे.

— तुमची आजी